मिठाच्या दुकानातलं हस्तलिखित, मुंग्यांनी खाल्लेली पोथी

म्हैसूरहून कूर्गला निघालेल्या मराठी गाड्या हुणसूरला थांबतात त्या इडली-वडा आणि फिल्टर कॉफीपुरत्या. लक्ष्मणतीर्थ नदीकाठचं, तंबाखूच्या शेतीचं, नागरहोळेच्या जंगलाच्या तोंडाशी असलेलं हे तालुक्याचं गाव म्हैसूरपासून साधारण 45 किलोमीटरवर आहे. इथून म्हैसूरला जाणारा रस्ता शहरात शिरल्यावरही ‘हुणसूर रोड’ म्हणूनच ओळखला जातो आणि त्याच भागातल्या गोकुलममध्ये सकाळी सकाळी स्कूटरवरून योगाच्या वर्गाला निघालेले गोरे विद्यार्थी दिसतात. या रस्त्याच्या एका टोकाला तिबेटी वसाहत, दुसऱ्या टोकाला राजवाडा. मध्ये चीनचा संबंध येतो, अमेरिकेचा येतो आणि सर्वात जास्त येतो तो आपल्या सातारा जिल्ह्याचा. कसा, ते बघू.

मुळात ती मारामारी होती

बागेत पांढऱ्याशुभ्र कपड्यातली चिनी आजी-आजोबा मंडळी पाण्याखाली असल्यासारखी हळू हात हलवताना सिनेमात आपण पाहिलेली असतात. ती ताय ची. शांत, सोज्वळ, निरुपद्रवी. पण तिचा जन्म लढवय्यांच्या घरातला आहे. चीनच्या हेनान प्रांतात चेनजियागो नावाचं खेडं आहे, म्हणजे चेन घराण्याचं गाव. सतराव्या शतकात तिथल्या चेन वांगतिंग या निवृत्त लष्करी माणसाने आपल्याकडचे डावपेच, श्वासाचा अभ्यास आणि चिनी वैद्यकातल्या कल्पना एकत्र आणल्या, असं बहुतेक इतिहासकार मानतात. भाविक मंडळींना हे पटत नाही. त्यांच्या मते झांग सानफेंग नावाच्या साधूने साप आणि पक्ष्याची झुंज पाहिली आणि त्यातून ही विद्या स्फुरली. या साधूचा काळ कोणी बारावं शतक सांगतं, कोणी चौदावं. दोनशे वर्षांचा फरक साधूंना चालतो.

गावाबाहेर ही विद्या नेली यांग लुचान (1799 ते 1872) याने. तो चेन घराण्यातला नव्हता. भिंतीच्या फटीतून चोरून बघत शिकला, अशी दंतकथा आहे. एकलव्याची गोष्ट ऐकून वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती लगेच पटते. पुढे तो बीजिंगला गेला, राजदरबारातल्या लोकांना शिकवू लागला आणि ‘अजिंक्य यांग’ म्हणून गाजला. त्याचा नातू यांग चेंगफू याने उड्या, झटके आणि दणके काढून टाकले, हालचाली मोठ्या आणि संथ केल्या. आज जगभर दिसणारी ताय ची बरीचशी या नातवाची आहे.

मग तिच्यात लढाई किती उरली? 2017मध्ये चेंगडू शहरात शू शियाओडोंग या मिश्र मार्शल आर्टवाल्या खेळाडूने ताय चीच्या एका ‘गुरुजीं’ना आव्हान दिलं. सामना अर्ध्या मिनिटाच्या आत आटोपला. गुरुजी जमिनीवर. चीनमध्ये केवढा गहजब! गंमत अशी की चिनी आजीबाईंना त्याने काडीचाही फरक पडला नाही. त्या दुसऱ्या दिवशी पहाटे बागेत हजर.

म्हैसूरला याच्या उलट चाल दिसते. तिथे विजयादशमीच्या सकाळी राजवाड्याच्या अंगणात ‘वज्रमुष्टी काळग’ होतो. जेट्टी समाजाचे मल्ल मुंडण करून, एका मुठीत दातेरी आयुध चढवून समोरासमोर उभे राहतात. डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब आला की लढत थांबते आणि मग दसऱ्याची मिरवणूक पुढे सरकते. चिन्यांनी लढाईतून व्यायाम काढून घेतला. म्हैसूरने लढाईतून विधी काढला आणि रक्त तेवढं ठेवलं.

दसऱ्याच्या नेहमीच्या कुस्त्यांचा आखाडा दोड्डकेरे मैदानावर आहे आणि त्याला नाव आहे देवराज अर्स यांचं. हे अर्स हुणसूर तालुक्यातल्या कल्लहळ्ळीचे. त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात, 1 नोव्हेंबर 1973 रोजी, म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं.

पुरावा मागू नका

प्रत्येक प्राचीन विद्येला एक प्राचीन ग्रंथ लागतो. ताय चीचा मूळ ग्रंथ सापडला कुठे? मिठाच्या दुकानात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वू घराण्यातल्या एका अधिकाऱ्याला हेनानमधल्याच एका मीठवाल्याकडे जुनं हस्तलिखित मिळालं, असं सांगतात. कुणा वांग झोंगयुए नावाच्या माणसाने ते लिहिलेलं. हा वांग नक्की कोण होता, यावर विद्वान अजून भांडतात.

आता म्हैसूरकडे या. जगभर ‘अष्टांग विन्यास’ म्हणून शिकवल्या जाणाऱ्या योगाचा आधारग्रंथ ‘योग कोरुंट’ मानला जातो. तो योगगुरू तिरुमलै कृष्णमाचार्यांना कलकत्त्याच्या ग्रंथालयात ताडपत्रावर सापडला, असं त्यांचे शिष्य सांगत. मग तो आज कुठे आहे? मुंग्यांनी खाल्ला. एक ग्रंथ मिठात मुरला, दुसऱ्याला मुंग्या लागल्या. दोन्ही परंपरा तरीही ठणठणीत आहेत.

व्हॉट्सॲपवर फिरणारी तिसरी गोष्ट आपल्या आवडीची: ‘ही सगळी विद्या मुळात भारतीयच, बोधिधर्माने कांचीपुरमहून नेली.’ बोधिधर्म या बौद्ध भिक्षूचा शाओलिनच्या मठाशी जोडलेला व्यायाम ज्या चिनी पुस्तकात आहे, ते सतराव्या शतकातलं. बोधिधर्माचा काळ पाचवं-सहावं शतक. मधल्या हजार वर्षांचं उत्तर कोणाकडेच नाही. तांग हाओ नावाच्या चिनी इतिहासकाराने 1930च्या सुमारास चेनजियागोला जाऊन घराण्याची कागदपत्रं तपासली आणि बोधिधर्म व साधू झांग सानफेंग या दोघांनाही नम्रपणे बाजूला केलं. अर्थात फॉरवर्ड त्याने थांबत नाहीत.

औंधचे पंत आणि सँडोचे डंबेल्स

मराठी वाचकाने खुर्ची पुढे सरकवावी अशी जागा आता येते. सातारा जिल्ह्यात औंध नावाचं चिमुकलं संस्थान होतं. तिथले राजे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (1868 ते 1951) कीर्तन करत, चित्रं काढत, कुणी बघायला आलं तर संग्रहालय दाखवत. तरुणपणी त्यांनी युजेन सँडो या तेव्हाच्या जगप्रसिद्ध पहिलवानाचं व्यायामाचं साहित्य मागवलं आणि जवळजवळ दहा वर्षं इमानेइतबारे डंबेल्स उचलले. मग मिरजेच्या राजेसाहेबांनी त्यांना सुचवलं, की आपल्याकडे सूर्यनमस्कार असताना हे कशाला? पंतांनी डंबेल्स ठेवून दिले ते कायमचे.

सूर्यनमस्कार त्याआधी नव्हते असं नाही. समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत ही आख्यायिका आपण लहानपणी ऐकलेली आहे, आणि तालमींतून नमस्कार-जोर चालतच होते. पण ते योगात गणले जात नसत. हठप्रदीपिकेवर ब्रह्मानंदांची एक टीका आहे. तिच्यात तर योग्याने टाळायच्या शरीरकष्टांत भरमसाट सूर्यनमस्कार आणि जड ओझी वाहणं शेजारी शेजारी बसवलेलं आहे! म्हणजे जुन्या योग्यांच्या लेखी सूर्यनमस्कार हमालीच्या रांगेतले.

पंतांनी त्याला शिस्त लावली. दहा स्थिती, प्रत्येकीचा श्वास ठरलेला, सोबत बीजमंत्र. संस्थानातल्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. ‘किर्लोस्कर’ मासिकाने त्यांचा धडाक्याने प्रचार केला, आणि का करू नये? किर्लोस्करवाडी उभी राहिली तीच मुळी औंध संस्थानच्या जमिनीवर. वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकरही तेव्हा औंधलाच होते, त्यांनीही लेखणी चालवली. 1928मध्ये पंतांचं इंग्रजी पुस्तक आलं. 1936मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा लुईस मॉर्गन नावाच्या पत्रकार बाई त्यांना भेटल्या. समोरचा सडसडीत माणूस 68 वर्षांचा आहे हे बाईंना पटेना. त्यांनी लेखमाला लिहिली आणि 1938मध्ये लंडनच्या डेंट प्रकाशनाने त्यावर पुस्तक काढलं. त्याचं नावच ‘आरोग्याचा दहा पायऱ्यांचा मार्ग’ अशा अर्थाचं आहे. आज आपण बारा म्हणतो, ते औंधला दहा होते. कृष्णमाचार्यांचे म्हैसूरचे शिष्य पट्टाभि जोइस यांच्या पद्धतीत पहिल्या प्रकारात नऊ आणि दुसऱ्यात सतरा. सूर्य एकच, हिशेब ज्याचा त्याचा.

वाड्यातली शाळा

म्हैसूरचे राजे नाल्वडी कृष्णराज वोडेयार यांनी 1933मध्ये जगनमोहन राजवाड्यात कृष्णमाचार्यांना योगशाळा काढून दिली. त्याआधी हे पंडित हासन भागातल्या कॉफीच्या मळ्यावर मुकादमी करत होते. वेदान्त, न्याय, व्याकरण शिकलेला माणूस. पण पोटाला काहीतरी हवंच. राजवाड्याच्या ग्रंथसंग्रहात आधीच ‘श्रीतत्त्वनिधी’ नावाचं एकोणिसाव्या शतकातलं सचित्र हस्तलिखित होतं, त्यात 122 आसनं. चित्रं पाहिली तर दोरीवर लटकणारी, दंड काढणारी माणसं दिसतात. योगी कुठे संपतो आणि तालमीतला गडी कुठे सुरू होतो, सांगता येत नाही.

राजेसाहेब डोळस होते. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी 1924मध्ये कैवल्यधाम काढून क्षकिरण आणि रक्तदाबाच्या यंत्रांनी योग मोजायला घेतला होता. म्हैसूरकरांनी 1930च्या दशकात आपल्या पंडितांना तिकडे पाहणीला धाडलं. लोणावळ्याला लोक चिक्कीसाठी उतरतात, हे उतरले ते प्रयोगशाळेसाठी.

या शाळेतून निघालेला एक मुलगा आपल्याला चांगलाच माहीत आहे. बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार. लहानपणी आजारांनी खंगलेला, मेहुण्याच्या, म्हणजे कृष्णमाचार्यांच्याच, धाकात वाढलेला. शाळेच्या 1936च्या प्रात्यक्षिक दौऱ्यात धारवाडला बायकांना योग शिकायचा होता. कोणाला पाठवावं? सगळ्यात लहान कोण, तर हा. त्याला पाठवलं. पुढे बेळगावच्या डॉ. गोखले यांनी प्रात्यक्षिक पाहिलं आणि 1937मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकवायला बोलावलं. तोंडात धड मराठी नाही, इंग्रजीही बेताचंच. ते सहा महिने 20 ऑगस्ट 2014 पर्यंत, म्हणजे त्याच्या निधनापर्यंत, चालले. वयाच्या 92व्या वर्षी, 2011मध्ये, अय्यंगार चीनमध्ये ग्वांगझोला जाऊन शिकवून आले.

शांघायमधली अदलाबदल

हे माझं सगळ्यात आवडतं. रिगा शहरात 1899मध्ये जन्मलेल्या युजेनी पीटरसन या बाई भारतात आल्या, सिनेमात काम करू लागल्या, इंद्रा देवी झाल्या आणि म्हैसूरला कृष्णमाचार्यांच्या दारात उभ्या राहिल्या. आचार्यांनी आधी साफ नकार दिला. परदेशी, त्यातून बाई. राजेसाहेबांनी शब्द टाकला तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. कडक पथ्य आणि कडक वेळापत्रक लावलं की बाई पळून जातील असा आचार्यांचा होरा असावा. त्या पळाल्या नाहीत. 1939मध्ये त्यांनी शांघायला योगाचा वर्ग काढला, तोही चीनच्या नेत्याच्या पत्नी मादाम च्यांग काय-शेक यांच्या बंगल्यात! महायुद्ध संपलं, 1947मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि त्यांनी हॉलीवूडला दुकान मांडलं.

त्यांच्या मागोमाग, 1948च्या सुमारास, न्यूयॉर्कच्या नर्तकी सोफिया डेल्झा शांघायला राहायला आल्या. त्या शिकल्या ताय ची, आणि 1961मध्ये त्यांनी इंग्रजीतलं ताय चीवरचं अगदी सुरुवातीचं पुस्तक लिहिलं. म्हैसूरचा योग चीनमार्गे अमेरिकेला आणि चीनची ताय ची अमेरिकन बाईच्या ट्रंकेतून अमेरिकेला. शहर तेच, दशक तेच. दोन्हींचे गुरू पुरुष आणि दोन्हींच्या प्रसाराचं श्रेय बरंचसं बायकांना. हे पुस्तकांत तळटिपेत सापडतं, वर यायला हवं.

दरम्यान चीन सरकारने 1956मध्ये यांग घराण्याच्या लांबलचक पद्धतीतून 24 हालचालींचा छोटा संच बेतला. पाच-सहा मिनिटांत संपतो, शाळेत आणि कारखान्यात करता येतो. आज कोणी ‘प्राचीन ताय ची’ शिकलो म्हणालं, तर बहुधा तो हा 1956चा संच असतो. युनेस्कोच्या यादीत योग आला 2016 साली, ताय ची 2020 साली. आणि मे 2015मध्ये बीजिंगच्या स्वर्गमंदिरात नरेंद्र मोदी आणि ली कच्यांग या दोन पंतप्रधानांसमोर योग आणि ताय चीचं एकत्र प्रात्यक्षिकही झालं.

गुडघे काय म्हणतात

आता कामाचं. ताय चीतली ‘ढगांसारखे हात’ ही हालचाल घ्या. गुडघे किंचित वाकलेले. सगळा भार उजव्या पायावर, डावा पाय रिकामा. कंबर डावीकडे वळते, तिच्याबरोबर हात चेहऱ्यासमोरून वळतो. भार मुंगीच्या पावलांनी डावीकडे सरकतो, मग उजवा पाय उचलून जवळ येतो. कुठल्याही क्षणी थांबवलं तर तोल सुटता कामा नये. करून बघा, मांड्या एका मिनिटात बोलायला लागतात.

म्हाताऱ्या माणसाला नेमकं हेच लागतं. न्हाणीघरात, उंबऱ्यावर, बसमधून उतरताना माणूस पडतो तो भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताना. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सत्तरीपुढच्या आणि पडण्याचा धोका असलेल्या 670 जणांवर केलेला अभ्यास 2018मध्ये प्रसिद्ध झाला. ताय चीवर बेतलेला व्यायाम करणाऱ्यांचं पडणं, स्नायूंना नुसता ताण देणाऱ्यांच्या तुलनेत, 58 टक्क्यांनी कमी झालं. गुडघ्याच्या संधिवाताच्या 204 रुग्णांवरच्या 2016च्या अभ्यासात ताय ची फिजिओथेरपीच्या बरोबरीची ठरली. आणि पोट सुटलेल्या पन्नाशीपुढच्या 543 हाँगकाँगकरांवरच्या 2021च्या अभ्यासात कंबरेचा घेर कमी करण्यात ती नेहमीच्या व्यायामाइतकीच चालली. तिने मधुमेह बरा होतो, कॅन्सर पळतो वगैरे सांगणाऱ्यांना मात्र दारातूनच नमस्कार करावा.

सूर्यनमस्काराचं गणित वेगळं, ते वेगावर चालतं. भारतीय लष्करातल्या 21 जवानांवर 2004मध्ये मोजणी झाली. सावकाश घातलेल्या नमस्कारांत मिनिटाला सरासरी चारपेक्षा थोड्या कमी कॅलरी जळाल्या. 2011च्या दुसऱ्या एका अभ्यासात जोरात फेऱ्या घातल्या, तेव्हा अर्ध्या तासाला 230 कॅलरी निघाल्या, म्हणजे जवळजवळ दुप्पट. हृदयाचे ठोकेही कमाल मर्यादेच्या 80 ते 90 टक्क्यांवर गेले. अर्थात त्यात माणसं सहाच होती, तेव्हा आकडा मिठाच्या चिमटीसह घ्यावा.

माझं मत असं: पंचविशीतल्या पोराने औंधचा रस्ता धरावा, पंच्याहत्तरीतल्या आजोबांनी चेनजियागोचा. पाठीची गादी सरकलेली असेल, मनगट दुखत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल तर रथसप्तमीच्या उत्साहात एकदम 108 नमस्कार घालू नयेत. डॉक्टरांचा दवाखाना दुसऱ्या दिवशीही उघडा असतो, पण रांग मोठी असते.

गुरुपुऱ्याचा साष्टांग

हुणसूर तालुक्यात गुरुपुरा इथे रबगेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. 1433मध्ये तिबेटात स्थापन झालेला ग्युमे हा तांत्रिक मठही 1970च्या दशकापासून इथेच नांदतो. त्याचे भिक्षू घशातून इतका खर्ज काढतात, की एका गळ्यातून दोन स्वर ऐकू यावेत. त्यांच्या साधनेत साष्टांग नमस्काराला मोठी जागा आहे. दोन्ही हात जोडून मस्तक, कंठ, हृदय यांना लावायचे, गुडघे टेकायचे, मग तळव्यांनी सरकत सपाट आडवं व्हायचं आणि पुन्हा उभं राहायचं. तळवे सोलू नयेत म्हणून हाताखाली कापडाच्या गाद्या किंवा लाकडी पट्ट्या. प्राथमिक साधनेतला आकडा आहे एक लाख. वय झालेले लोक तेवढं न करता हातात माळ घेऊन मंदिराला प्रदक्षिणा घालतात, रोज, न चुकता. व्यायाम म्हणून कोणी करत नाही, पण गुडघ्यांना ते ठाऊक नसतं.

आणि इथे औंध परत भेटतं. पंतप्रतिनिधींचे चिरंजीव अप्पासाहेब पंत 1955 ते 1961 या काळात गंगटोकला भारताचे राजकीय अधिकारी होते. सिक्कीम, भूतान आणि तिबेटमधलं भारताचं कामकाज त्यांच्याकडे होतं. म्हणजे 1959मध्ये दलाई लामा भारतात आले, तेव्हा तिबेटचं काम पाहणाऱ्या कचेरीत औंधचे राजपुत्र बसलेले होते. याच अप्पासाहेबांनी 1970मध्ये सूर्यनमस्कारावर स्वतःचं इंग्रजी पुस्तक लिहिलं. बापाचा वारसा, दुसरं काय.

गोकुलममध्ये योग शिकायला लोक विमानाने येतात आणि डॉलरमध्ये फी भरतात. औंधला साताऱ्याहून एसटी जाते. यमाईच्या डोंगरावर पंतांचं श्री भवानी संग्रहालय आहे. तिथे राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि हेन्री मूरचं एक अस्सल शिल्पही. पुढच्या वेळी म्हैसूरला, हुणसूरला, कूर्गला गाडी काढाल तेव्हा साताऱ्याशी अर्धा दिवस मोडा आणि आधी तिकडे वळा.